पदवीनंतर एअरलाइन वैमानिक व्हायचंय? अकादमीचे पैसे भरण्याआधी हे वाचा

इंजिनीअरिंग, बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झाल्यावर पायलट व्हायचं ठरवणारी मुलं-मुली मला सतत भेटतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘कुठली अकादमी चांगली?’ खरं तर हा प्रश्न सहाव्या पायरीवरचा आहे. त्याआधी पात्रता, तब्येत, कागदपत्रं, लेखी पेपर आणि पैशांची सोय येते. हा क्रम उलटा केला की घरच्यांची आयुष्यभराची पुंजी अशा ठिकाणी अडकते जिथून ती सहसा परत मिळत नाही. या वाटेवरून मी गेलो आहे, म्हणून क्रमाने सांगतो. हे सगळं भारतात परवाना काढून भारतातल्या एअरलाइनमध्ये लागू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

१. पात्रता: पदवीपेक्षा बारावी महत्त्वाची

व्यावसायिक वैमानिक परवाना म्हणजे सीपीएल. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं. वय १८ पूर्ण हवं आणि सध्याच्या नियमानुसार बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवं. पदवीची अट नाही. म्हणजे बी.ई. झालेल्यालाही बारावीचीच गुणपत्रिका दाखवावी लागते.

कॉमर्स किंवा आर्ट्सवाल्यांनी निराश होऊ नये. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय देता येतात, आणि ते धरले जातात. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला गेलेल्यांनी आपली पात्रता आधी डीजीसीएकडून लेखी विचारून घ्यावी. अकादमीच्या काउन्सेलरने फोनवर ‘चालतं हो’ म्हटलं, तर त्या शब्दाला काही किंमत नाही.

पदवीधरांसाठी एक वेगळी वाटही आहे. हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी एएफकॅट आणि सीडीएस परीक्षा असतात. एएफकॅटमधून या शाखेसाठी वय २० ते २४ लागतं, सीपीएल असेल तर २६ पर्यंत चालतं. प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं. पण तिथली वैमानिक निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते आणि नोकरीचं स्वरूप पूर्ण वेगळं आहे. एअरलाइनला जाण्याचा स्वस्त मार्ग एवढाच विचार करून तिकडे जाऊ नका. देशसेवेची ओढ असेल तर मात्र वय निघून जाण्याआधी अर्ज करा.

२. मेडिकल: एक रुपयाही फी भरण्याआधी

संपूर्ण लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. डीजीसीएच्या ई-जीसीए या संकेतस्थळावर खातं उघडून आधी क्लास टू मेडिकलची प्रक्रिया सुरू करा. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच ही तपासणी होते. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान आणि डोळे हे सगळं त्यात येतं. क्लास टू मंजूर झालं की फाइल नंबर मिळतो आणि मग क्लास वनसाठी जाता येतं. पहिलं क्लास वन हवाई दलाच्या केंद्रांत (दिल्लीचं एएफसीएमई, बंगळुरूचं आयएएम) किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या इतर केंद्रांत होतं. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून क्लास टू हातात पडलं की लगेच तारीख मागा.

क्लास टूवर विद्यार्थी म्हणून उडता येतं. सीपीएलसाठी आणि नोकरीसाठी क्लास वनच लागतं. सापळा इथेच आहे. काही जण क्लास टू झालं म्हणून पूर्ण फी भरतात, आणि ठरलेल्या तासांपैकी निम्मे उडून झाल्यावर क्लास वनला अडकतात.

चष्मा असेल तर घाबरू नका. चष्मा लावून दृष्टी ६/६ होत असेल आणि नंबर मर्यादेत असेल तर अडचण येत नाही. खरी गोष्ट रंगांधळेपणाची. ठिपक्यांच्या वर्तुळातला आकडा ओळखायची इशिहारा चाचणी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे आजच करून घ्या. रंगज्ञानातला दोष चष्म्याने किंवा औषधाने जात नाही आणि तो अनेकांना वयाच्या विशीपर्यंत माहीतही नसतो. मुलांमध्ये त्याचं प्रमाण मुलींपेक्षा बरंच जास्त आहे.

वजन, हिमोग्लोबिन, सायनस अशा कारणांनी ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा मिळू शकतो. ते सुधारून पुन्हा जाता येतं. जुनं ऑपरेशन, फिट्स, दमा किंवा मानसिक आजारावरचे उपचार लपवू नका. ते पुढे कधी उघड झालं तर परवानाच धोक्यात येतो, आणि आकाशात ते उघड झालं तर त्याहून वाईट.

३. कागदपत्रं आणि कॉम्प्युटर नंबर

डीजीसीएच्या परीक्षेला बसायला आधी कॉम्प्युटर नंबर काढावा लागतो. तो म्हणजे तुमचा कायमचा परीक्षार्थी क्रमांक. फाइलमध्ये एवढं तयार ठेवा:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्रं (मूळ आणि स्कॅन)
- दोन्हींचं बोर्डाकडून आलेलं पडताळणी प्रमाणपत्र
- पदवीची कागदपत्रं (परवान्याला लागत नाहीत, एअरलाइनच्या अर्जात लागतात)
- पासपोर्ट, आधार, पॅन
- क्लास टू आणि क्लास वनचे डीजीसीएने दिलेले निकाल
- पासपोर्ट आकाराचे फोटो आणि सहीचा स्कॅन

यातलं सर्वांत वेळखाऊ काम म्हणजे बोर्डाची पडताळणी. महाराष्ट्र राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत: पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, कोल्हापूर, लातूर आणि कोकण. तुम्ही ज्या विभागातून परीक्षा दिली त्याच कार्यालयात अर्ज जातो. दहावी सांगलीत आणि बारावी पुण्यात झाली असेल तर दोन कार्यालयं झाली, कोल्हापूर आणि पुणे. पडताळणी म्हणजे निव्वळ औपचारिकता समजू नका. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाना मिळवल्याच्या आरोपाखाली काही वैमानिकांना अटक झाली होती. या क्षेत्रात कागद बारकाईने पाहिले जातात आणि ते योग्यच आहे.

आता नावाचा घोळ. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम वेगळा, आधारवर कधी वडिलांचं नाव गायब, पॅनवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ‘एच’ जास्त. संगणकाला ही चार वेगळी माणसं वाटतात. मेडिकल, परीक्षा, परवाना आणि लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही), सगळीकडे एकच नाव हवं. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण मानून बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदलायचा विचार असलेल्या मुलींनी हा निर्णय ही साखळी सुरू होण्याआधी घ्यावा, नाहीतर मधेच राजपत्र आणि प्रतिज्ञापत्रांच्या फेऱ्या सुरू होतात.

४. लेखी पेपर: घरी बसून होणारं काम घरीच संपवा

सीपीएलसाठी एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक असे पेपर असतात. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. याशिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना लागतो, त्यासाठी आरटीआर ही परीक्षा. पूर्वी ती दूरसंचार विभाग घ्यायचा. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि हा अधिकार डीजीसीएकडे आला. त्यामुळे जुन्या नोट्समधली अर्ज करायची पद्धत पाळू नका, चालू सूचना पाहा.

माझा आग्रह असा की नॅव्ह, मेट आणि रेग्युलेशन्स हे तीन पेपर उड्डाण शाळेत जाण्याआधी काढा. एकतर घरी राहून, हवं तर नोकरी करत करत हे होतं. दुसरं म्हणजे शाळेत गेल्यावर पहाटे उड्डाणाला उभं राहायचं आणि रात्री त्रिकोणमिती सोडवायची हे दोन्ही नीट होत नाही. तिसरं, तुम्हाला हे काम खरंच आवडतं का ते या तीन पेपरांच्या अभ्यासात कळतं, आणि ते कळायला लागणारा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे.

नेव्हिगेशन सर्वांत जास्त जणांना अडवतं. पाठांतर तिथे चालत नाही. ‘एकास साठ’चा नियम घ्या: ६० नॉटिकल मैल उडताना दिशेत एका अंशाची चूक झाली तर तुम्ही ठरलेल्या रेषेपासून सुमारे एक मैल बाजूला जाता. हे कागदावर स्वतः काढून पाहिलं की पुढची अर्धी गणितं सोपी वाटतात. फ्लाइट कॉम्प्युटरची गोल चकती विकत घेऊन हाताला सवय लावा.

मेटचा अभ्यास करताना रोज सकाळी आपल्या जवळच्या विमानतळाचा मेटार, म्हणजे हवामानाचा सांकेतिक अहवाल, वाचा. मुंबईचा संकेत व्हीएबीबी, पुण्याचा व्हीएपीओ, नागपूरचा व्हीएएनपी. आधी वाऱ्याची दिशा आणि वेग, मग दृश्यमानता, ढगांची उंची, तापमान आणि दवबिंदू. वाचून झालं की खिडकीबाहेर पाहा. जुलैमध्ये तापमान आणि दवबिंदू जवळजवळ सारखे दिसले आणि समोरचा डोंगर धुक्यात गेलेला दिसला, की पुस्तकातलं ते प्रकरण पुन्हा वाचावं लागत नाही.

५. पैसे: जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

भारतात सीपीएलचा खर्च साधारण ४५ ते ६५ लाख रुपयांच्या घरात जातो. त्यात मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणं पाहून उडण्याची पात्रता) धरलं आहे का, जीएसटी, हॉस्टेल, मेस, परीक्षा फी आणि चाचण्यांसाठीचे जादा तास धरले आहेत का, हे लेखी विचारा. परवान्यानंतर टाइप रेटिंगचे, म्हणजे एअरलाइनचं विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याच्या पात्रतेचे, साधारण १२ ते २० लाख वेगळे. एअरलाइनच्या कॅडेट कार्यक्रमांत (एअरलाइनच उमेदवार निवडून प्रशिक्षणाला पाठवते) एकूण रक्कम एक कोटीच्या पुढेही जाऊ शकते.

शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात. ग्रामीण भागातल्या घरांना इथे धक्का बसतो, कारण सातबारावर भरपूर जमीन असली तरी शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बहुतेक बँका तयार नसतात. फ्लॅट, बिगरशेती प्लॉट किंवा मुदत ठेव चालते. ५० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला सुमारे ५५ हजार येतो, आणि शिकत असताना वाढलेलं व्याज धरलं तर त्याहून जास्त. नोकरी लागायला वेळ लागला तर हा हप्ता कोण भरणार, हे आई-बाबांसोबत बसून कागदावर लिहा. मी प्रत्येकाला सांगतो, सीपीएलनंतरच्या किमान एका वर्षाच्या हप्त्यांची सोय नसेल तर एवढं कर्ज उचलू नका.

योजनाही शोधा. नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या उमेदवारांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या टॉप क्लास शिष्यवृत्तीचे चालू नियम पाहा.

६. उड्डाण शाळा निवडताना

महाराष्ट्रात पर्याय आहेत. गोंदियाजवळ बिरसी विमानतळावरची एनएफटीआय, बारामती, धुळे, शिरपूर आणि जळगावच्या शाळा, शिवाय नागपूर फ्लाइंग क्लब. धुळ्यात प्रशिक्षण देणारा बॉम्बे फ्लाइंग क्लब मूळचा जुहूचा, १९२८ चा. तिथे शिकून जे. आर. डी. टाटा यांनी फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षेतून जागा मिळते.

माहितीपत्रकावर किती विमानं छापली आहेत त्यावर जाऊ नका. समक्ष जा, दोन दिवस राहा, आणि कार्यालयापेक्षा हॉस्टेलच्या मेसमध्ये जास्त वेळ बसा. तिथल्या मुलांना विचारा:

- गेल्या आठवड्यात रोज प्रत्यक्ष किती विमानं उडाली?
- एका विमानामागे किती विद्यार्थी? इन्स्ट्रक्टर किती, आणि वर्षभरात किती सोडून गेले?
- तुमच्या आधीच्या बॅचला २०० तास पूर्ण व्हायला किती महिने लागले?
- मल्टी-इंजिन विमान सुरू आहे की सुट्या भागासाठी उभं आहे?
- मधेच सोडलं तर न उडालेल्या तासांचे पैसे परत मिळतात का, आणि कुणाला मिळाले आहेत का?

पूर्ण फी एकरकमी भरायला सांगितली तर उठून या. तासांप्रमाणे किंवा टप्प्यांत हप्ते देणारा करारच घ्या, मग सवलत थोडी कमी मिळाली तरी चालेल. २०२५ पासून डीजीसीए उड्डाण शाळांची क्रमवारी जाहीर करतं, तीही पाहा. मात्र मेसमधली उत्तरं आणि क्रमवारी जुळत नसतील तर मी मेसवर विश्वास ठेवीन.

हवामानाचा हिशोब कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढग इतके खाली असतात की दिवसचे दिवस विमानं हँगरमध्येच राहतात. फुरसतगंजला डिसेंबर-जानेवारीचं धुकं. मे महिन्यात गोंदिया-नागपूरला दुपारच्या तापलेल्या विरळ हवेत छोट्या विमानाला उचलायला जास्त धावपट्टी लागते, म्हणून उड्डाणं पहाटे होतात. माझ्या मते प्रवेश पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास घ्यावा. पुढचे आठ महिने सलग मिळतात.

परदेशात, म्हणजे अमेरिका, दक्षिण आफ्रिका किंवा न्यूझीलंडला शिकलात तर तास लवकर भरू शकतात. पण परत आल्यावर परवाना रूपांतरित करावा लागतो: रेग्युलेशन्सचा आणि नॅव्ह-मेटचा एकत्रित पेपर, परदेशी परवान्याची पडताळणी, इथल्या चाचण्या. तिकडचा अकादमी-एजंट याबद्दल बहुधा गप्प असतो.

७. २०० तास

आधी विद्यार्थी परवाना, मग इन्स्ट्रक्टरसोबत सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मग सोलो, म्हणजे एकट्याने. सीपीएलसाठी एकूण २०० तास. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची. २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे आपल्या विमानतळावरून दुसरीकडे लांबचं उड्डाण, त्यातली एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची आणि दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. १० तास इन्स्ट्रुमेंट. रात्रीचे ५ तास, त्यात १० टेकऑफ आणि १० लँडिंग.

पहिल्या दिवशीच विमानाभोवती फिरून तपासणी शिकवतील. सेसना १७२ असेल तर पंखाखालच्या झडपेतून छोट्या पारदर्शक नळीत इंधन काढायचं आणि उजेडाकडे धरायचं. विमानाचं १०० एलएल इंधन फिकट निळं दिसतं. पाणी मिसळलं असेल तर ते जड असल्याने तळाशी थेंबाच्या रूपात बसतं आणि मधे स्पष्ट रेघ दिसते. ते ओतून, स्वच्छ निळं येईपर्यंत पुन्हा काढायचं. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानात हे फार पाहायला मिळतं. रांगेत पुढचा विद्यार्थी घाई करत असला तरी ही नळी प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर धरा.

मोठा सापळा शेवटच्या टप्प्यात आहे. दिवसाची आणि रात्रीची कौशल्य चाचणी, दिवसाची २५० मैलांची आणि रात्रीची १२० मैलांची क्रॉस कंट्री चाचणी, या परवान्याच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांतल्या असाव्या लागतात. एप्रिलमध्ये दोन चाचण्या दिल्या, बाकीच्या पावसात अडकल्या, की नोव्हेंबरात जुन्या पुन्हा द्या आणि त्या तासांचे पैसे पुन्हा भरा. म्हणून सगळ्या चाचण्या एका सलग कोरड्या मोसमात बसतील असं वेळापत्रक चीफ इन्स्ट्रक्टरकडून आधीच मागून घ्या.

लॉगबुक त्याच दिवशी भरा. विमानाचा क्रमांक, वेळ, हुद्दा शाळेच्या नोंदीशी जुळला पाहिजे. न उडालेले तास ‘भरून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्या माणसापासून लांब राहा.

८. परवाना ते एअरलाइन

इथे वाट पाहावी लागते आणि इथेच मनं खचतात. इंडिगोने २०२३ मध्ये ५०० विमानांची आणि एअर इंडियाने त्याच वर्षी ४७० विमानांची मागणी नोंदवली, हे खरं. पण जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, २०२० मध्ये कोविड आला, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, आणि प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक नवख्यांच्या शेजारी रांगेत उभे राहिले. विमानं आली की अनुभवी कॅप्टनची गरज आधी लागते, नव्या मुलांची त्यानंतर.

निवडीत साधारणपणे लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक चाचणी, मुलाखत आणि सिम्युलेटर तपासणी असते. मुलाखतीत सीपीएलच्या पेपरांमधलंच पुन्हा विचारतात, म्हणून नोट्स रद्दीत देऊ नका. ए३२०, ७३७ किंवा एटीआरचं टाइप रेटिंग स्वतःच्या पैशाने आधीच करायचं का, यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत: एअरलाइनचं लेखी बोलावणं हातात नसेल तर करू नका. चुकीच्या विमानाचं रेटिंग झालं तर तेवढेच लाख पुन्हा लागतात, आणि न वापरलेलं रेटिंग शिळं होतं.

वाट पाहण्याच्या काळात क्लास वन मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग या दोन्हींची मुदत बारा महिन्यांची असते, हे भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. जाहिरात निघते त्या आठवड्यात दोन्ही चालू असावं लागतं. पदवी असल्याचा फायदा इथे मिळतो: शिकवणी, आयटी किंवा बँकेतलं कोणतंही काम धरा, ग्राउंड इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवा आणि हप्ते चालू ठेवा. एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीचा परवाना, त्याला १५०० तास लागतात. त्याचे लेखी पेपर मात्र याच मोकळ्या काळात देऊन टाका. एअरलाइनमध्ये लागल्यावर पहाटे तीनच्या पिकअपनंतर अभ्यासाला बसणं फार अवघड जातं.